साठवणीतल्या व्हिडिओंसाठी व्हीव्हीसीमधील त्रिभाजन बंद करावे का?

साठवणीतले व्हिडिओ व्हीव्हीसी या व्हिडिओ-संक्षेपाच्या मानकात एन्कोड करताना (म्हणजे दाबून लहान करताना) ब्लॉक-विभाजनाचे, म्हणजे चित्राचे चौकोनी तुकडे पुढे चिरण्याचे, सगळे प्रकार चालू ठेवावेत, की वेळ वाचवण्यासाठी त्रिभाजन (एका ब्लॉकचे तीन पट्टे करणे) बंद करावे, असे आपण विचारले आहे. चालू ठेवावेत. याच मुद्द्यावर पुण्यातल्या एका कंपनीत माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी प्रदीर्घ वाद झालेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमच्याकडे शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे चित्रीकरण असे: कॅमेरा स्थिर, मागे गडद पडदा, पुढे गायक आणि त्यांच्या मागे दोन तानपुरे. ज्येष्ठांचे ठाम मत होते की २०१३ च्या एचईव्हीसी या आधीच्या मानकातली चार समान भागांची विभागणी पुरेशी आहे आणि २०२० च्या व्हीव्हीसीत तिच्या जोडीला आलेले दुभाजन-त्रिभाजन ही निव्वळ हौस आहे.

तानपुऱ्याची दांडी ६४×६४ पिक्सेलच्या ब्लॉकच्या मधोमध उभी आहे असे धरा. चार समान भाग केले की सीमारेषा नेमकी दांडीवरूनच जाते, आणि मग प्रत्येक तुकडा पुन्हा चिरत बसावे लागते. शिवाय दर वेळी आडवी चीरही पडते, जिची उभ्या दांडीला काहीच गरज नसते. उभे दुभाजन आडवी चीर टाळते, पण दांडी तेही मधूनच कापते. उभे त्रिभाजन १६, ३२ आणि १६ रुंदीचे तीन पट्टे पाडते, त्यामुळे दांडी मधल्या पट्ट्यात अखंड राहते आणि दोन्ही बाजूंचा पडदा आधीच्या फ्रेमवरून जवळजवळ फुकट उचलता येतो. मधला पट्टा हवा तर पुन्हा ८, १६, ८ असा विभागता येतो. (त्याच पट्ट्याचे त्याच दिशेने दुभाजन करायला मात्र मानकात मनाई आहे, कारण त्यातून होणारे चार समान पट्टे नुसत्या दुभाजनांतूनही मिळतात, आणि एकाच आकाराला दोन वाटा ठेवल्या तर बिट वाया जातात.) दुसरा तानपुरा किंचित कललेला असे, तिथे ब्लॉकला तिरक्या रेषेने दुभागणारी ६४ प्रकारची भौमितिक विभागणी कामी येई. ब्लॉकची जाळी चित्रावर चढवून पाहिली की हे सगळे डोळ्यांना दिसते. ज्येष्ठांनी ती जाळी कधी उघडली नाही.

लहान ब्लॉक म्हणजे चांगले चित्र, हा समजही सोडून द्यावा. शेताचे पोटहिस्से पाडले की प्रत्येकाचा वेगळा सातबारा सांभाळावा लागतो, तसा प्रत्येक ब्लॉकबरोबर विभाजनाच्या खुणांचा, भाकिताच्या प्रकाराचा (ब्लॉक आधीच्या फ्रेमवरून अंदाजायचा की शेजारच्या भागावरून) आणि गतीच्या माहितीचा खर्च येतो. एचईव्हीसीच्याही आधीच्या एव्हीसी मानकाचा मॅक्रोब्लॉक, म्हणजे सुरुवातीचा ब्लॉक, १६×१६ चा होता, तर व्हीव्हीसीत सुरुवात १२८×१२८ पासून करता येते, आणि आमच्या पडद्यासारख्या भागात बचत मुख्यतः या मोठ्या ब्लॉकांतूनच होत होती.

वेळेची तक्रार मात्र खोटी नाही. एन्कोडरपुढे एकेका ब्लॉकसाठी सहापर्यंत पर्याय असतात: अखंड ठेवणे, चार भाग, उभे किंवा आडवे दुभाजन, उभे किंवा आडवे त्रिभाजन. प्रत्येक पर्यायासाठी चित्रातली विकृती आणि लागणारे बिट यांचा एकत्रित हिशेब करून सर्वांत स्वस्त तो निवडायचा, आणि हे प्रत्येक पातळीवर पुन्हा करायचे. पण हा शोध एन्कोडर एकदाच घेतो. डिकोडर (व्हिडिओ उलगडून दाखवणारा) फक्त खुणा वाचून त्याप्रमाणे तुकडे करतो. एकदा एन्कोड करून वर्षानुवर्षे दाखवायच्या मैफलीसाठी एन्कोडिंगच्या तासांवर भांडणे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

त्यांची मोजणीही सदोष होती. ते त्रिभाजन चालू आणि बंद ठेवून एकाच क्यूपीवर (संक्षेप किती कडक करायचा त्या आकड्यावर) दोन फाइली बनवत आणि त्यांचे आकार ताडून पाहत. गुणवत्ता किती बदलली हे पाहतच नसत. अनेक बिटरेटांवर पीएसएनआर (चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे याचे माप) काढून बीडी-रेट, म्हणजे तेवढ्याच गुणवत्तेसाठी सरासरी किती टक्के बिट कमी-जास्त लागतात ते, मोजावा, एवढीच माझी मागणी होती. तसे मोजल्यावर त्यांच्या रहदारीच्या आणि खेळांच्या नमुन्यांत फरक किरकोळ निघाला, पण आमच्या मैफलींत स्पष्ट दिसला. नमुने निवडतानाच निकाल ठरलेला होता.

म्हणून आपणही मोजणी स्वतःच्याच चित्रीकरणावर करा. व्हीव्हीएन्क हा व्हीव्हीसीचा एन्कोडर वापरत असाल तर एकेक पर्याय हाताने बंद करण्याऐवजी स्लो या प्रीसेटपासून (तयार मांडणीपासून) सुरुवात करावी आणि वेळ परवडलाच नाही तर मीडियमवर उतरावे. विभाजनाची खोली (ब्लॉक किती वेळा पुन्हा चिरायचा) आणि शोधाच्या पळवाटा त्यात एकमेकांना धरून बेतलेल्या असतात. आपले प्रेक्षक ज्या उपकरणांवर पाहतात तिथे व्हीव्हीसी चालते का, हे आधी तपासा, कारण ते चालत नसेल तर वरचा सगळा हिशेब निरर्थक आहे. आणि काम थेट प्रक्षेपणाचे किंवा व्हिडिओ कॉलचे असेल तर खोली कमी ठेवून त्रिभाजन खुशाल बंद करा. तेवढ्यापुरते त्या ज्येष्ठांचे म्हणणे मला मान्य आहे, पण आमच्या कंपनीने थेट प्रक्षेपण कधी केलेच नाही.