अस्तंभ्याहून केदारकंठ्याकडे

प्रश्न : शहादा परिसरातले आम्ही चौघे मित्र दिवाळीत अस्तंभ्याची यात्रा बरीच वर्षे करत आलो आहोत. यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तराखंडातील केदारकंठ्याला जायचे ठरते आहे. तेव्हा बर्फ थोडाच असतो, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : अस्तंभ्याची सवय तुमच्या पायांच्या कामी येईल, फुप्फुसांच्या नाही. अस्तंभ्याचा माथा सुमारे १,३०० मीटरांवर आहे. केदारकंठ्याची वाट जिथून सुरू होते ते सांकरी गावच १,९०० मीटरांच्या वर आहे आणि शिखर सुमारे ३,८०० मीटरांवर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, आणि त्याचा त्रास रोज पळणाऱ्या धडधाकट माणसालाही होऊ शकतो. म्हणून सांकरीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी घाईने वर निघू नका.

तुमच्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही, कारण थोडा बर्फच जास्त फसवतो. जाड, भुसभुशीत थरात पाऊल निदान रुतते. सुरुवातीचा बोटभर थर मात्र दुपारच्या उन्हात वितळतो, ते पाणी वाटेवरच्या दगडांवरून ओघळते, रात्री गोठून काचेसारखे होते आणि त्यावर पुन्हा भुरभुर पडली की खालचे काहीच दिसत नाही. शिखराकडे बहुतेक जण पहाटेच्या अंधारात निघतात, म्हणजे नेमके हे सारे सर्वांत कडक असताना. एकदा अशा वाटेवर माझ्यापुढचा सोबती चढताना एकदाही डगमगला नाही, पण उतरताना सावलीतल्या एकाच वळणावर तीनदा बसला. त्यासाठी मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर ताणून बसवायची दातेरी साखळी, प्रत्येकाकडे हवी. चौघांत दोन जोड्या नेण्याची काटकसर नको.

खान्देशच्या माणसाने कापसाविरुद्ध बोलणे जिवावर येते, तरी सांगतो : अंगालगत सुती बनियन किंवा पायात सुती मोजे नकोत. चढताना आलेला घाम सुती कापड धरून ठेवते आणि थांबताच अंग गार पडते. आत घाम सुकवणारे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे कपडे घाला, वरून वारा अडवणारे जाकीट. काळा चश्माही विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो आणि उघडे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपू लागतात.

मित्रांच्या टोळीत खरी अडचण निराळीच असते : डोके दुखते हे कोणी कबूल करत नाही. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर आली, तर त्या माणसाने आणखी वर चढायचे नाही. झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी वाटाड्यासह त्याला खाली आणायचे. त्याच्यासोबत कोण उतरणार, हे शहाद्यातच ठरवून निघा.