४८ तासांचा हिशोब

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगा मेलबर्नला मास्टर्स करतोय, सबक्लास ५०० व्हिसावर (ऑस्ट्रेलियाचा स्टुडंट व्हिसा), आणि एका रेस्टॉरंटमधे पार्टटाइम जॉब करतो. एका आठवड्यात १८ तास, मग ३०, परत ३०, मग १८ असं चाललंय. या व्हिसावर कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. रूममेट म्हणतो दोन-दोन आठवड्यांच्या जोड्या लावायच्या, ४८ च्या आत बसतंय ना मग झालं. शिवाय काही शिफ्टचे पैसे मालक कॅशमधे देतो, ते तास मोजतच नाहीत म्हणे. मला तर झोप येत नाही. – एक आई, सातारा

उत्तर: रूममेटचं गणित चुकलंय हो. तिथल्या नियमात पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस, म्हणजे दर सोमवारी एक नवा पंधरवडा सुरू होतो. त्यामुळे मधले ३० आणि ३० पण एकत्र मोजले जातात, झाले ६०, आणि कंडिशन ८१०५ (कामाच्या तासांची व्हिसाची अट) मोडली. सरळ आठवड्याला २४ धरून चालायला सांगा, मग मॅनेजरनी ऐनवेळी एक्स्ट्रा शिफ्ट गळ्यात मारली तरी नाही म्हणता येतं. कोविडच्या काळात ही लिमिट उठवलेली होती, १ जुलै २०२३ पासून परत आली (आधी ४० होते, आता ४८), म्हणून तेव्हाच्या सिनियर्सचे सल्ले आता चालत नाहीत.

कॅशचं म्हणाल तर पैसे कसे मिळाले याच्याशी तासांचा काही संबंध नाही, केलेलं काम मोजलं जातं, स्वतःच्या एबीएनवर (तिथला धंद्याचा नोंदणी नंबर) केलेली फूड डिलिव्हरीसुद्धा. कोर्सच्या अधिकृत सुट्टीत मात्र कितीही तास करू दे, फक्त ती सुट्टी युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरमधली हवी, लेक्चर बुडवून घेतलेली नाही! रिसर्च मास्टर्स असेल तर कोर्स सुरू झाल्यावर ही लिमिट नसते, पण त्याचा बहुतेक कोर्सवर्कचाच असणार.

मला खरी काळजी त्या मालकाची वाटते. असे लोक आधी जास्त राबवतात, कमी पैसे देतात आणि पोरगं बोललं की व्हिसाची धमकी. किमान वेतन विद्यार्थ्यालाही लागू आहे, तास जास्त झाले म्हणून तो हक्क जात नाही, आणि अशी धमकी देऊन राबवणं हा १ जुलै २०२४ पासून मालकाचाच गुन्हा आहे. फेअर वर्क ओम्बड्समनकडे (कामगारांच्या हक्कांची तिथली सरकारी संस्था) तक्रार करता येते. झालेल्या जास्त तासांबद्दल मात्र रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटशीच बोलू दे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. आणि व्हीवोवर (व्हिसा तपासायची तिथली सरकारी ऑनलाइन सेवा) लॉगिन करून स्वतःच्या सगळ्या कंडिशन्स एकदा वाचायला सांगा, रूम बदलली की ७ दिवसांत युनिव्हर्सिटीला नवा पत्ता कळवायचा असतो, तेही त्यातच आहे.