फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना लहान मुलांसोबत काम करायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मूल रडायला लागलं की तुमचे विद्यार्थी गांगरतात, त्यांना धीट कसं करायचं. माझं ऐकाल तर धीट करूच नका. जो गांगरत नाही त्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण मी तशी होते.

इंटर्न असताना चार वर्षांची एक मुलगी आली होती. स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे मुख्यतः दोन्ही पाय ताठरणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार; चवड्यांवर चालायची. घोट्याचं डॉर्सिफ्लेक्शन, म्हणजे पाऊल नडगीकडे किती वर वळतं, ते मोजायचं होतं. मी तिला आईच्या मांडीवरून उचललं, टेबलावर आडवं केलं, गुडघा सरळ दाबून धरला आणि गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला. तिनं जे भोकाड पसरलं! मी सरांकडे बघितलं. ते पलीकडच्या टेबलावरूनच म्हणाले, "रडणारच. हात सोडू नकोस." नाही सोडला. उणे दहा अंश (म्हणजे पाऊल काटकोनापर्यंतही येत नाही) लिहिले, खाली सही ठोकली आणि स्वतःवर खूश झाले.

त्या आकड्यावर प्लास्टर घालायचं ठरत आलं होतं. पुढच्या आठवड्यात ती आईच्या खांद्यावर झोपूनच आली. दुसऱ्या एका मॅडमनी तिला न उठवता, आईच्याच मांडीवर, पाऊल अगदी सावकाश वर नेत मोजलं. अधिक पाच. पाय तोच, फरक पंधरा अंशांचा. स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, ताणाच्या वेगावर अवलंबून असते, स्नायू जितका झटकन ताणाल तितका तो जास्त ताठरतो, ही १९८० ची न्यूरॉलॉजिस्ट लान्सची व्याख्या व्हायवात आम्ही सगळ्यांनीच घडाघडा म्हटलेली. रडताना टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, वाढतो हेही पाठ होतं. त्या दिवशी टेबलापाशी मला दोन्हीतलं काही आठवलं नाही.

आता माझ्याकडे पहिले तीन दिवस विद्यार्थ्यांनी मुलाला हात लावायचा नाही. मॅटवर त्याच्याजवळ बसायचं, हातात एखादं खेळणं, आणि बघायचं. पाय डब्ल्यूसारखे टाकून बसतं का, वस्तू घ्यायला कुठला हात पुढे येतो, उभं राहताना कशाला धरतं. जीएमएफसीएसची, म्हणजे मूल स्वतः किती हालचाल करू शकतं त्या वर्गीकरणातली, पातळी बहुतेक वेळा एवढ्यावरून कळते. निरोगी बाळंही भरपूर दाखवा. नाहीतर हीच पोरं चौदा महिन्यांचं बाळ चालत नाही म्हणून आईला घाबरवून सोडतात. डब्ल्यूएचओच्या अभ्यासात आधाराशिवाय चालायचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे.

सर पुढे माझे सहकारी झाले. त्यांचं म्हणणं, ओपीडीत रांग लागलेली असते, खेळत बसायला वेळ कुणाला आहे? रडून दमलेल्या मुलाचं अख्खं सेशन वाया जातं, तो वेळ मात्र ते कधी धरत नसत. त्यांच्या भिंतीवर एनडीटीचं, म्हणजे थेरपिस्टनं आपल्या हातांनी मुलाच्या हालचाली घडवायच्या त्या पद्धतीचं, सर्टिफिकेट होतं, त्यामुळे सगळं आपल्या हातांनीच घडवायचं हा हट्ट. २०१३ साली नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा आढावा घेतला. त्यात ठरवलेलं काम मुलानं स्वतः करून बघण्याच्या सरावाला हिरवा दिवा मिळाला आणि मूळ स्वरूपातल्या एनडीटीला लाल. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्यावर चहाचा कप ठेवलेला मी पाहिला.

हां, हे सगळं ओपीडीपुरतं. छातीत कफ भरलेलं बाळ असेल तर तीन दिवस बघत बसू नका, तिथे रडलं तरी काम करावंच लागतं. आणि काही मुलं तुम्ही काहीही करा, रडतातच. दहा महिन्यांच्या बाळाला तर अनोळखी चेहरा दिसला तरी पुरतो. अशा वेळी आकड्याशेजारी 'रडत असताना' एवढं लिहायची सवय लावा. माझ्या त्या नोंदीत हे दोन शब्द नव्हते आणि सही माझी होती. त्यामुळे सरांना सगळ्यांसमोर मला विचारता आलं, "मोजायला शिकवलं कोणी तुला?"

तेव्हा मी गप्प बसले. तुम्हीच शिकवलं होतं, सर.