शेडनेटमध्ये कोकोपीटच्या ट्रेवर बारीक काळ्या माश्या झाल्यात, पंखावर पांढरट ठिपके आहेत. या कोणत्या माश्या आणि कोणतं औषध मारू?

औषधाचं नंतर बघू दादा, आधी माशी कोणती ते पक्कं करा, कारण शेडनेटमध्ये दोन वेगळ्या माश्या एकाच ट्रेवर असतात आणि दुकानदार दोन्हीला चिलटं म्हणून एकच बाटली हातात ठेवतो. तुमची ठेंगणी, जाडसर, मिशा जवळपास न दिसणारी, काळपट पंखावर चार-पाच फिक्के ठिपके अशी असेल तर ती शोर फ्लाय, एफिड्रिडी कुळातली, बहुतेक स्कॅटेला. दुसरी ती फंगस नॅट, लांब पायाची, लांब मिशांची, उडायला कच्ची. अळी सापडली तर वादच मिटतो, नॅटच्या अळीचं डोकं काळंभोर चकचकीत असतं अन् शोर फ्लायच्या अळीला वेगळं डोकं दिसतच नाही, मागच्या टोकाला मात्र श्वास घ्यायची दुभंगलेली नळी असते.

नॅटची अळी कोवळी मुळं खाते. शोर फ्लायची अळी शेवाळ खाते, तुमच्या रोपांशी तिला काही घेणंदेणं नाही.

आता हे कूळ मुळात आहे काय तेही सांगतो, कारण ते कळलं की उपाय आपोआप सुचतो. पिकलेल्या केळावर घोंघावणारी ड्रोसोफिला या माश्यांची जवळची नातेवाईक, दोन्ही एकाच महाकुळात येतात. भिंगातून बघितलं तर ड्रोसोफिलाच्या मिशीवरच्या केसाला दोन्ही बाजूंनी फाटे असतात आणि शोर फ्लायला फक्त वरच्या बाजूनं. जगभरात जवळपास २००० जाती नोंदल्यात आणि १९९२ पासून साधारण पाच उपकुळांची मांडणी चालते. बहुतेकांच्या अळ्या ओल्या चिखलात राहून शेवाळ, बॅक्टेरिया, डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) असलं बारीकसारीक गाळून खातात, आणि याच सवयीच्या जोरावर ही मंडळी अशा अशा जागी घुसलीत की जिथं दुसरं कोणी टिकत नाही.

कॅलिफोर्नियातलं मोनो लेक घ्या, समुद्राच्या दुपटीहून जास्त खारं आणि आपल्या शेजारच्या लोणारसारखंच अल्कली, पीएच १० च्या आसपास. तिथं मासा नाही, पण काठावर अल्कली फ्लाय लाखोंनी. ही माशी अंगाभोवती हवेचा बुडबुडा धरून पाण्याखाली चालत जाते, तिथं शेवाळ खाते, अंडी घालते अन् कोरडीच्या कोरडी वर येते. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासलं तर अंगावरचे दाट केस आणि त्यावरचा मेणाचा थर यामुळं हे जमतं असं निघालं. तिच्या अळीच्या पोटात तर चुना साठवायची सोय आहे, पाण्यातला जादा कार्बोनेट ती तिथं काढून टाकते. दुसरी एक जात लॉस एंजेलिसकडच्या कच्च्या तेलाच्या डबक्यात वाढते, तेलात अडकून मेलेले किडे खाऊन! अळी तेल गिळते तरी तिला काही होत नाही. मला तर हीच सगळ्यात भारी वाटते.

सगळ्याच शेवाळावर थांबल्या नाहीत. ओक्थेरा नावाच्या माशीचे पुढचे पाय पकडीसारखे जाड, ती डासांच्या अळ्या पकडून खाते. हायड्रेलियाच्या अळ्या पानं पोखरतात, भातावरही येतात, आणि तलावातली हायड्रिला वनस्पती आटोक्यात यावी म्हणून १९८७ मध्ये फ्लोरिडात यातलीच एक जात मुद्दाम सोडली, ती नेली भारतातून आणि नाव मात्र हायड्रेलिया पाकिस्ताने, असो.

तर तुमच्याकडं. माशी आली म्हणजे तिथं हिरवं शेवाळ आहे, ट्रेच्या वरच्या थरावर, पन्नीवर, टेबलाखाली साचलेल्या पाण्यात, सगळीकडं बघा. आपल्याकडं उन्हाच्या धाकानं लोक दिवसातून चारदा झारी मारतात आणि वर १९:१९:१९ खताचा मारा, मग शेवाळाला अजून काय पाहिजे. वरचा थर सुकू द्या, वाफसा आला की मगच पाणी, टेबलाखालचा चिखल काढा, जुने ट्रे ब्लिचिंगच्या पाण्यानं धुऊनच वापरा. नॅटवर चालणारी बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) आळवणी इथं फारशी कामाची नाही, त्यात पैसे घालू नका.

निव्वळ निरुपद्रवी म्हणून सोडूनही देऊ नका मात्र. पानावर तिच्या विष्ठेचे काळे ठिपके पडतात, आणि पिथियमसारखी बुरशी ती पोटातून एका ट्रेतून दुसऱ्यात नेते, म्हणजे एका कोपऱ्यात रोपं कोलमडायला लागली तर तो ट्रे लगेच बाहेर काढा. पिवळे चिकट सापळे रोपाच्या शेंड्याच्या अगदी जवळ लावा, वर टांगून ठेवले तर कमीच सापडतील.