लग्नाला गेलात की लग्न सांभाळलंत?

प्रश्न: मी इंदूरला रामबागेत राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. भाच्याच्या लग्नासाठी रजेचा अर्ज लिहिला: ‘आय हॅव टू अटेंड टू माय नेफ्यूज वेडिंग.’ मोठ्या मॅडमनी हसत दुसऱ्या ‘टू’वर काट मारली. कारण विचारायला संकोच वाटला. अटेंड म्हणजे हजर राहणंच ना?

उत्तर: ताई, काट बरोबर आहे; पण तो ‘टू’ तुमचा नाही, आपल्या मराठी ‘ला’चा आहे. आपण लग्नाला जातो, बारशाला जातो, मीटिंगला बसतो. इंग्रजी लिहिताना त्या ‘ला’च्या जागी हात आपसूक ‘टू’ लिहितो. वर्गात दरवर्षी हीच चूक तपासून माझं लाल पेन झिजलं. हजर राहायचं असेल तर नुसतं ‘अटेंड द वेडिंग’. ‘टू’ आला की अर्थ होतो जातीने लक्ष घालणं. म्हणजे राजवाड्यावरून साड्या आणायच्या, हळदीच्या सकाळचे पोहे-जलेबी सांगून ठेवायचे, रुसलेल्या काकांना मनवायचं. आत्या-मावश्यांच्या वाट्याला हे येतंच म्हणा, पण रजेच्या अर्जात ते कशाला?

या शब्दाचं मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे ‘एखाद्या गोष्टीकडे ताणणं’. आधी मन तिकडे लावणं, हजेरी नंतरची. ‘अटेन्शन’ त्याच घरातलं, आणि ‘अटेंड’च्या फ्रेंच रूपाचा अर्थ आज वाट पाहणं असा आहे. आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्या गळ्यातल्या पासवर ‘अटेंडर’ छापलं होतं. सलाइनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायची, एवढंच काम. रात्रभर स्टुलावर बसून थेंब मोजले. तेव्हा हे तिन्ही अर्थ एकदम कळले.

‘प्रेझेंट’चं उलट आहे, त्याला ‘ॲट’ लागतो: ‘आय वॉज प्रेझेंट ॲट द वेडिंग.’ पण हे जरा पोलिसी जबाबासारखं वाटतं, घरच्या लग्नाला नको. आणि ‘फोन अटेंड केला’ हे आपल्याकडचं. इंग्रज फोन ‘आन्सर’ करतो. बोलताना खुशाल म्हणा, मीही म्हणतो.

रजा मंजूर झाली की नाही, ते मात्र लिहिलं नाहीत.