सात मिलिमीटरची सळई

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सीमाशुल्काचे नवे नियम लागू होण्यापूर्वी उरकायच्या एकोणीस कामांची यादी तू सोबत जोडली आहेस. तिच्यात पहिले सॉफ्टवेअर, दुसरा सल्लागार आणि थेट चौदाव्या क्रमांकावर ‘मालाचे वर्णन तपासणे’. यादी पाहून तुझा गोंधळ कळला आणि, खरे सांगतो, थोडा रागही आला. तुझ्या वयात मी अशीच यादी केली होती आणि तिच्यात ती चौदावी बाब तर नव्हतीच.

आपला माल काय आहे, हे आपण स्वतः लिहायचे. क्लिअरिंग एजंटने नाही, विक्रेत्याने नाही, मागच्या वर्षीच्या इन्व्हॉइसवरून उतरवून तर मुळीच नाही. एजंट सीमाशुल्काचे कागद भरतो आणि ते काम तो चोख करतो. पण वर्गीकरण, म्हणजे माल शुल्काच्या कोणत्या गटात बसतो हे, चुकले की शुल्कातल्या फरकाची रक्कम, व्याज आणि दंड बहुतेक देशांत आयातदाराच्याच दारात येऊन उभे राहतात. ‘एजंटने सांगितले होते’ हे उत्तर मी देऊन पाहिले आहे. ते ऐकून अधिकाऱ्याने मान हलवली आणि पुढचा कागद मागितला.

आम्ही प्लास्टिकचा थर दिलेले कापड मागवत असू. विक्रेत्याच्या इन्व्हॉइसवर जो कोड, म्हणजे त्या गटाचा क्रमांक, छापून येई, तोच तीन वर्षे उतरवत राहिलो. एका खेपेला अधिकाऱ्याने नमुना काढला आणि माझ्यादेखत एका बारीक सळईभोवती हाताने वाकवला. नमुना तडकला. मला वाटले, मालाची प्रत पाहत असतील. नंतर वाचले, तेव्हा कळले की वर्गीकरणाच्या 59व्या प्रकरणाच्या टिपेतच हे लिहिलेले आहे: 15 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात, 7 मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलाभोवती हाताने वाकवताना जे तडकते, ते प्लास्टिकचा थर दिलेले कापड म्हणून 5903 या शीर्षकात, म्हणजे त्या प्रकरणातल्या चार अंकी गटात, बसत नाही, ते बहुधा 39व्या प्रकरणात, म्हणजे प्लास्टिकमध्ये जाते. इतके साधे, इतके हाताने करून पाहण्याजोगे आणि मी ते कधी उघडूनही पाहिले नव्हते. माल अडकला, डेमरेज, म्हणजे माल बंदरात अडून राहिल्याचे भाडे, चढत गेले आणि मागच्या सगळ्या खेपांची फाईल पुन्हा उघडली गेली.

त्याहून जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळी आहे. त्याआधी दोन वर्षे आमच्या गोदामातल्या कारकुनाने मला विचारले होते, की हे घडी घातली की मोडते, मग याला कापड कसे म्हणायचे? मी त्याला आपल्या नोंदींकडे लक्ष द्यायला सांगून वाटेला लावले. माझी बाजूही ऐक: खेपा लागोपाठ येत होत्या, माणसे कमी होती आणि त्या काळी बाजारात सगळेच विक्रेत्याचा कोड उतरवत. हे सारे खरे आहे. पण प्रश्न विचारायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात नमुना वाकवून पाहता आला असता, हेही खरे आहे.

आता तुझ्या मूळ शंकेकडे येतो: नियम सारखे बदलतात, मग तयारी तरी कशाची करायची? बदल थांबणार नाहीत. हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजे हे कोड जिच्यातून येतात ती जागतिक वर्गीकरणाची पद्धत, 1988 साली लागू झाली आणि साधारण पाच वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. 2022च्या आवृत्तीत ड्रोनला 8806 हे स्वतंत्र शीर्षक मिळाले आणि स्मार्टफोनला स्वतःचे उपशीर्षक. पुढची आवृत्ती 1 जानेवारी 2028 पासून लागू व्हायची आहे. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांसाठी बंद केली आणि जी पार्सले जुजबी माहितीवर जात, त्यांनाही कोड आणि मूळ देश सांगणे भाग पडले. युरोपीय संघात माल पोहोचण्याआधी जी माहिती द्यावी लागते, तिच्यात कोडचे पहिले सहा अंक लागतात आणि ‘सुटे भाग’ असले मोघम वर्णन चालत नाही. तिथेच 1 जानेवारी 2026 पासून पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्यावर, ते बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनापोटी, आकारणी सुरू झाली असून आपली वस्तू तिच्यात येते की नाही, हेही कोडवरूनच ठरते. यातला कोणताही बदल घे आणि मला सांग, ज्याला आपला माल माहीत नाही त्याचे सॉफ्टवेअर काय करणार? चुकीचे वर्णन ते अधिक वेगाने पाठवील, एवढेच.

मूळ देशाबद्दल आणि किमतीबद्दल तू चार पाने लिहिली आहेस. त्यातली तीन अनावश्यक आहेत. माल जिथून निघाला तो देश आणि माल जिथला ठरतो तो देश एकच असेल असे नाही, म्हणून कोणता कच्चा माल कुठून आला आणि कोणती प्रक्रिया कुठे झाली, हे विक्रेत्याकडून लेखी घे. आणि तुम्ही त्याला साचा फुकट दिला असेल, तर त्या साच्याचा वाटा मालाच्या सीमाशुल्क मूल्यात धरावा लागतो. इन्व्हॉइसवर तो दिसत नाही, म्हणूनच तो राहून जातो. पुन्हा तेच: माल कसा बनतो हे तुला माहीत असेल, तर साचा आठवेल, नसेल, तर अधिकारी आठवण करून देईल.

लोक मला हटवादी म्हणतात, कारण नमुना हातात घेतल्याशिवाय मी वर्णनावर सही करत नाही आणि त्यापायी दोन ग्राहकांच्या ऑर्डर उशिरा गेल्या, त्यातला एक कायमचा तुटला. तुटू दे. सात मिलिमीटरची एक सळई माझ्या खणात असते. मुले हसतात, हसोत.

तेव्हा ती यादी बाजूला ठेव. सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तू घे आणि प्रत्येकीसाठी एक पान लिही: ती कशाची बनली आहे, टक्केवारी किती, काम काय करते, विणलेली की गुंफलेली, सुटी येते की संचात. मग प्रकरणांच्या टिपा स्वतः वाच. कंटाळवाण्या आहेत, तरी वाच. जिथे दोन शीर्षके तितकीच खरी वाटतील, तिथे अंदाज न करता सीमाशुल्क विभागाकडे आगाऊ निर्णयासाठी अर्ज कर. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू आहे आणि त्यात ही सोय ठेवलेली आहे. निर्णय लेखी मिळतो. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज या महिन्यातच गेला पाहिजे. एजंटला तुझी पाने दाखव, त्याचे मत जरूर घे, तो तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त बंदरे ओळखतो. पण पान तू लिहिलेले असू दे.

पहिली तीन पाने आणि त्या वस्तूंचे नमुने मला पाठव. वर्णन तुझ्या शब्दांत हवे. विक्रेत्याचे माहितीपत्रक जोडलेस, तर न वाचता परत पाठवीन. आणि गोदामात जो माणूस रोज हा माल हाताळतो, त्याला शेजारी बसवून लिही.