टपालखिडकी : राखीचं पाकीट आणि वीस ग्रॅमचा काटा

प्रश्न : ताई, यंदा नागपूरच्या दादाला साध्या टपालानं राखी पाठवली. पाकिटात राखी, कुंकू-अक्षतांची पुडी आणि दोन पानांचं पत्र. पाच रुपयांचं तिकीट लावून पेटीत टाकलं. पोस्टमननं दादाकडून दहा रुपये घेतले. दादा काही बोलला नाही, पण मला फार ओशाळल्यासारखं झालं. पाच कमी पडले असतील तर दहा का? आणि घरी काटा नसताना तिकीट किती लावायचं ते कसं ओळखायचं?
– एक वाचक भगिनी, संगमनेर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खिडकीवरचे श्रावणातले दिवस आठवले. मी एकतीस वर्षं टपालखात्यात काढली. राखीपौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात पिशवी टेबलावर उलटी केली की पाकिटांच्या शेवटी तळातून मूठभर अक्षता सांडायच्या. कुणाची पुडी फुटलेली, कुणाच्या पाकिटाच्या कोपऱ्यातून जरीचा धागा बाहेर आलेला. ती पाकिटं हाताळताना मी फार जपायची, कारण प्रत्येकात कुणाची तरी बहीण होती.

आता हिशेब. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये आणि पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच. वीसच्या वर एक ग्रॅम गेला तरी दुसरा टप्पा लागतो. अधलंमधलं काही नसतं. तुमचंच पाकीट मांडून बघू. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचं एक पान साधारण पावणेपाच ग्रॅम भरतं, म्हणजे दोन पानं साडेनऊ. नेहमीचं लांबट पाकीट चार-साडेचार. हे झाले चौदा. राखी पुठ्ठ्यावर लावलेली असेल तर पुठ्ठा आणि खडे धरून सात-आठ ग्रॅम सहज होतात, वर पुडी. बावीस-चोवीसच्या घरात गेलं ना? तिकीट दहाचं हवं होतं.

पाच कमी असताना दहा घेतले, कारण नॉटपेड, म्हणजे तिकीट कमी लावलेल्या, टपालाची कमी पडलेली रक्कम दुप्पट करून घेणाऱ्याकडून वसूल करतात. ही रीत फार जुनी आहे. 1854 साली डलहौसीच्या काळात अंतराऐवजी वजनावर दर ठरले, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, तेव्हाही पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दुप्पट पडायचे. पोस्टमनदादांनी आपल्या मनानं काही घेतलेलं नाही, एवढं दादाला जरूर कळवा. दारात पैसे मागणं त्यांनाही जड जातं.

काटा नसेल तर मी शेजारच्या मुलींना शिकवलेली युक्ती सांगते. लाकडी फूटपट्टी घ्या आणि बरोबर सहा इंचांच्या खुणेखाली पेन्सिल आडवी ठेवा. एका टोकाला एक इंचावर दहा रुपयांची दोन नाणी, दुसरीकडे अकरा इंचांवर पाकिटाचा मध्य. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. दोन नाण्यांपेक्षा पाकीट हलकं ठरलं तर निश्चिंतपणे पाचचं तिकीट लावा. पाकीट खाली गेलं तर नाणी पाच करा. पाच नाणी चाळीस ग्रॅमच्या जराशी आत राहतात, म्हणून पाकीट त्यांच्याहून हलकं असेल तर दहाची तिकिटं पुरतात. दोन नाण्यांच्या अगदी जवळपास घुटमळत असेल, तर खिडकीवर वजन करून घ्या. किराणा दुकानातल्या काट्यावर भरवसा ठेवू नका, तो बहुधा पाच-दहा ग्रॅमच्या उड्या मारतो. सोनाराकडचा काटा मात्र उत्तम.

पाकीट चिकटवल्यावर, तिकीट धरूनच वजन करा. आणि कृपा करून स्टेपलरची पिन मारू नका. शिक्का मारताना ती बोटात घुसते. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. तिकिटावरून चिकटपट्टीही ओढू नका, तिच्यावर शिक्क्याची शाई धरत नाही.

प्रश्न : मासिकाला बारा पानांची कथा पाठवायची आहे. सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही मागितलंय. दोन्हींवर सारखीच तिकिटं लावायची का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. बारा पानं म्हणजे छपन्न ग्रॅम. न दुमडता कागद मावेल असं मोठं खाकी पाकीट पंधरा-सोळा ग्रॅमचं. येताना कथा आणि एकच पाकीट, म्हणजे सुमारे बहात्तर : चार टप्पे, वीस रुपये. जाताना मात्र परतीचं पाकीटही आत असतं. ते मिळवलं की अठ्ठ्याऐंशी, म्हणजे पाच टप्पे, पंचवीस रुपये. तुमचा कागद जाडसर असेल तर आकडा वाढेल, म्हणून एकदा काट्यावर खात्री करा. बाहेरच्या पाकिटावर तिकिटं कमी पडली तर तो भुर्दंड संपादकांच्या माथी बसतो. नव्या लेखकाचं पहिलं टपाल असं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : भाडेकराराचे कागद रजिस्टरनं पाठवायला गेलो तर स्पीडपोस्टच करा म्हणाले. बरोबर आहे का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : बरोबर आहे. 2025 साली रजिस्टर टपाल स्पीडपोस्टात विलीन झालं. 1 ऑक्टोबर 2025 च्या दरपत्रकानुसार पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19 रुपये आणि बाहेरगावी, अंतर कितीही असो, 47 रुपये, वर जीएसटी. पाकीट पत्त्यावरच्या माणसाच्याच हाती पडावं असं वाटत असेल तर नोंदणीची सोय जास्तीचे पाच रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरून मिळते. खिडकीवर तसं स्पष्ट सांगा. पन्नास ग्रॅमच्या पुढे अंतराप्रमाणे दर बदलतो, तेव्हा कराराची पानं मोजून न्या. करार पाठपोट छापला असेल तर पानं निम्मी होतात आणि बहुतेक वेळा पन्नासच्या आत बसतात.